नुसता शेवट

रोज सिनेमा बघून पोराला एकाचीही गोष्ट सांगता येऊ नये, नुसता शेवट तेवढा यावा, ह्याला काय म्हणायचं? बारावीचे पेपर संपले आणि संगमेश दुपारी जो घर सोडायला लागला तो दिवेलागण झाल्यावरच उगवायचा. कुठं गेलतास? तर पिक्चरला. काय हुतं त्यात? तर म्हणे, हिरो मेला. का मेला, कुणी मारला, कुणाचा कोण, काही पत्ता नाही. वर येताना पिशवीभर मक्याच्या लाह्या आणायच्या आणि गच्चीवरच्या आपल्या कबुतरांपुढं ओतायच्या. बाप अंथरुणाला खिळलेला, आई लोकांच्या साड्यांना फॉल लावतेय, आणि ह्याची कबुतरं थेटरातल्या लाह्या टिपतायत!

थेटरच्या गार अंधारात बसून गौराबाई हेच पुटपुटत होती. “नातवाला हाक मारून लगेच येते,” म्हणून हजारदा सांगितलं, पण दारातल्या पोरीनं तिकिटाशिवाय आत सोडलं नाही. शेवटी पदराची गाठ सोडावी लागली.

आज तो सापडायलाच हवा होता. शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी गुरुसिद्ध, नात्यानं तिचाच पुतण्या, निक्षून बोलला होता: दिवे लागायच्या आत पोराला दुकानात उभा कर, न्हाय तर मी दुसरा बघतो. एवढं त्याच्या तोंडून निघावं म्हणून सकाळी तिनं हमालांदेखत त्याच्यापुढं हात जोडले होते. जिच्यापुढं अख्खी मंगळवार पेठ दबून असते, त्या गौराबाईनं. तोही हलकट असा, की जोडलेले हात बराच वेळ नुसते बघत बसला.

ती अर्धवट उठून पुढच्या रांगांतली डोकी न्याहाळू लागली.

“आज्जी, बसा की खाली! हिरोला गोळी लागलीय,” मागचा माणूस वैतागला.

“लागू दे. मरत न्हाय त्यो. शेवटाला बंदराला आग लावतोय आणि आईला पाठीवर घेऊन चालत जातोय.”

“झालं! सांगितलं का सगळं?”

“सगळं कुठलं, पावणं? ह्याचं तेवढंच सांगितलंय नातवानं मला.”

हिरोनं बंदराला आग लावली. आईला पाठीवर घेतलं. दिवे लागले. दारातून बाहेर पडणारा एकेक चेहरा गौराबाईनं डोळ्यांत तेल घालून पाहिला. पोरं शिट्ट्या मारत गेली, बायका लेकरं ओढत गेल्या, मागचा माणूस तिच्याकडं खाऊ की गिळू बघत गेला. संगमेश त्यांत नव्हता.

मग ती खुर्चीत बसली ती उठेचना. बाहेर ऊन कलायला आलं असणार. सकाळी निघताना तिच्या मुलानं, संगमेशच्या बापानं, अंथरुणातनं विचारलं होतं, “अव्वा, मिळंल का त्याला काम?” आणि ती म्हणाली होती, मी हाय न्हवं. आता कुठल्या तोंडानं घरी जायचं? सकाळचे ते हात फुकटच गेले होते.

रिकाम्या रांगांतून खराट्याचा आवाज यायला लागला. कोणीतरी खाली वाकून झाडत, एकेक खुर्ची मागं टाकत तिच्याकडं सरकत होतं. पुठ्ठ्याच्या डब्यांत उरलेल्या चांगल्या लाह्या निवडून वेगळ्या पिशवीत भरत होतं.

“मावशी, पाय वर घ्या की जरा.”

तो आवाज गौराबाईनं लगेच ओळखला. तरी तिनं पाय वर घेतले. खराटा खाली गेला आणि तिथंच थांबला. तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. ती तार संगमेशनंच बांधली होती.

“अज्जी…”

आपल्या घरातलं कुणी लोकांचं खरकटं उचलत नाही, हे ती चारचौघांत छाती ठोकून सांगत आली होती. आज तिनं बसलेलं एकेक डोकं पाहिलं. शो सुटायच्या आधी खराटे घेऊन दारात शेवट बघत उभं राहणाऱ्यांकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं.

“ऊठ,” ती कशीबशी म्हणाली. “शाहूपुरीला जायाचं हाय. गुरुसिद्ध काम देतोय.”

तो उठला नाही. “पेपर संपल्यावर आधी तिकडंच गेलतो, अज्जी. म्हणाला, काम देतो, पण तुज्या अज्जीला हितं येऊन हात जोडू दे. लई मिजास हाय तिला. म्हणून मग मी हिकडं लागलो.” त्यानं मान वर केली. डोळे भरून आले होते. “तू न्हाय न्हवं गेलतीस त्येच्याकडं?”

“ए संग्या!” दारातनं कुणीतरी खेकसलं. “पुढचा शो लागाय आलाय, आवर की!”

गौराबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“मी? मला काय खूळ लागलंय व्हय? निरोप धाडलाय त्यानं. बसू दे वाट बघत.”

त्यानं नाक पुसलं आणि घाईघाईनं पुढच्या खुर्चीकडं वळला. ती बघत राहिली. मग पाय तसेच अधांतरी ठेवून, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पिक्चरचं खोटं बोलतोस त्ये झकास. झाडतोस मातूर लई घाण. मागं फीर, माज्या पायाखालचं तसंच हाय.”