पाचवी खेप

गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या त्या घराचा जिना ओमेश्वर दुरुस्तीसाठी पाचव्यांदा चढला. वर्षभरात इतक्या वेळा तो सासुरवाडीलाही गेला नव्हता. वरच्या खोलीत भिंतभर पडदा होता, छतात लपवलेले स्पीकर होते आणि पडद्याखालच्या, वरून उघड्या लाकडी खणात बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. सगळं त्याच्याच हातचं काम, आणि आज पुन्हा सगळं मुकं होऊन बसलं होतं.

घरमालक धनेंद्र, राईस मिलवाला, दारातच उभा होता.

"आज लास्ट चान्स हाये, ओमेश्वर. सौंदडले माह्या साळ्याचं घर होऊन राहिलं. तिथला थेटर तुलेच देतो म्हनलो होतो. आज कारन नाई सापडलं, त नागपूरवाल्याले बोलावतो. इथलंबी अन् तिथलंबी."

ओमेश्वरनं हत्यारांची पिशवी खणापाशी ठेवली. पहिल्यांदा वीज कडाडली आणि फ्यूज गेला, ते समजण्यासारखं होतं. दुसऱ्यांदा त्यानं व्होल्टेजवर संशय घेऊन स्टॅबिलायझर बसवला. तिसऱ्यांदा अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला. चौथ्यांदा उंदरांवर आळ घेतला आणि खणाच्या मागे जाळी ठोकली. मशीन सील न उघडता कंपनीकडे जायचं, बदलून नवं यायचं, महिना-दोन महिने गायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. या खेपेला मात्र कंपनीनं हात वर केले होते. म्हणून आज सील तोडून तो पहिल्यांदाच आत बघणार होता.

धनेंद्रची आई सुखवंता चहा घेऊन आली.

"माय, मशीनजवळ कायले येतेस? धक्का लागंल त पुन्हा बसंल ते!" धनेंद्र खेकसला. म्हातारीनं कप लांबच फरशीवर ठेवला. तेवढ्यात मिलमधून फोन आला आणि धनेंद्र बोलत बोलत खाली उतरला.

ओमेश्वरनं आठही स्क्रू काढून झाकण उचललं. बोर्डावर हिरवट पूड चढली होती. एका कोपऱ्यात जळल्याचा काळा डाग होता. त्याच्या शेजारी तांदळाचे तीन दाणे चिकटले होते, हळदीनं पिवळे झालेले. आणि तुळशीचं एक वाळकं पान.

उंदरांवर ढकलायची सोय आता उरली नाही.

"काकीजी," तो हळूच म्हणाला, "हे काय हाये जी?"

सुखवंता पदराला हात पुसत जवळ आली. चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. उलट जरा खुशीच होती.

"सकाळी देवाचं झालं का याच्यावरबी थोडं तीर्थ पडते, बाबू. अक्षताबी. पयल्यांदा बिघडलं तवा धनेंद्र तुले कसा बोलला! याच्या हाताले यशच नाई, म्हने. मले लय वाईट वाटलं. लेकरू गोंदियाहून उन्हातानात येते. तवापासून एक दिवस चुकला नाई."

"पन मी येतो तवा मशीनवर त काईच दिसत नोयतं."

"तू येनार म्हनलं का पुसून नाई ठेवा लागत?"

ओमेश्वरला हसू आलं आणि रडूही. दोन्ही त्यानं चहाबरोबर गिळलं. त्याच्या हाताला यश यावं म्हणून ही बाई वर्षभर त्याच्याच मशीनमध्ये पाणी घालत होती. रागावणार तरी कुणावर? त्यानं झाकण तिच्यापुढे धरलं. सुखवंतानं झाकणातल्या हवेसाठीच्या फटी पाहिल्या, खालचा हिरवा पडलेला बोर्ड पाहिला, दाणे पाहिले. तिचा चेहरा उतरला. पदर तोंडाशी धरून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

तासभर ब्रशनं घासून त्यानं बोर्ड स्वच्छ केला, जळालेले पार्ट बदलले. बटण दाबताच छतातून आवाज घुमला आणि धनेंद्र धावत वर आला.

"सापडलं? काय होतं?"

खरं उत्तर ओमेश्वरच्या ओठावर आलंच होतं. ते दिलं की सौंदडचं काम पक्कं. त्यानं दाराकडे पाहिलं. सुखवंता मान खाली घालून उभी होती. हा माणूस एवढ्यावरून तिला जन्मभर ऐकवत राहील, हे ओमेश्वरला स्पष्ट दिसत होतं. भिंतीची ओल म्हणावं, तर धनेंद्र भिंत फोडायला काढेल. उंदीर म्हणावं, तर जाळी त्यानंच ठोकलेली. दोष द्यायला आता तो स्वतःच तेवढा उरला होता.

"माहीच चूक होती, भाऊ. वरतून झाकलं नोयतं, ओल जाऊन राहिली होती आत. आता खनावर काच लावून देतो."

"मंजे पाच खेपा तुह्याच चुकीपायी!" धनेंद्रनं कपाळावर हात मारला. "सौंदडचं राहू दे मंग." आणि तो खाली निघून गेला.

ओमेश्वर पिशवीत हत्यारं भरू लागला. काम गेल्याचं त्याला वाईट वाटत होतं, फारच वाईट.

"खोटं काऊन बोललास, बाबू?" सुखवंता दारातून म्हणाली.

"खरं बोलून काय होनार होतं, काकीजी? आता मशीनले राहू द्या. करायचीच असंल त माही पूजा करा. यश त मलेच पाहिजे ना?"

तो थट्टेनं बोलला होता. सुखवंता मात्र खरोखरच खाली गेली आणि पूजेचं ताट घेऊन आली. तिनं त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. मग पळीत तीर्थ घेतलं आणि तिचा हात हवेतच थांबला.

"शिंपडू का, बाबू?"

ओमेश्वरनं डोळे मिटले.

"शिंपडा, काकीजी. मी नाई जळत."