क्रूसाचं झाड

गावातल्या सगळ्यात जुन्या ओकवर क्रूस कोरलेला होता. दर वसंतात मिरवणूक त्याच्यापाशी थांबायची. अशा झाडाची साधी काडी मोडायची सबंध सर्बियात कुणाची छाती नव्हती. चर्चमागचे बाकीचे ओक मात्र गाड्या लावायला जागा हवी म्हणून तोडायचे ठरले.

रविवारी प्रवचनात फादर वुकाशिन म्हणाले, "सृष्टी ही देवाची ठेव आहे, ती जपा." ऐकून म्हाताऱ्या स्तामेंकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांना दारातच गाठलं.

"जपा म्हणता, आणि उद्या त्याच ठेवीवर करवत चालवणार? जीभ कशी झडत नाही तुमची?"

"अहो आजी, क्रूसाच्या झाडाला आपण हात तरी लावतोय का?" फादर हसले. "बाकीची नुसती लाकडं आहेत."

सकाळी करवती घेऊन आलेली माणसं झाडांपाशी पोचली आणि डोक्यावरच्या टोप्या काढून उभी राहिली. फादर तणतणत आले. बघतात तर एकूण एक खोडावर ताजा क्रूस कोरलेला.



स्तामेंकाने हातातली पटाशी झग्याला पुसली. "या फादर. पहिली करवत तुम्हीच चालवा."