धुरपदाबाईची गल्ली

साहेब, तुम्ही गल्ल्या उचलता, माणसं बघत नाही. तोंडावर सांगतो. भिंती मोजता, गटारं मोजता; आत कोण कुणासाठी झुरतंय हे विचारायची गरज तुम्हाला वाटत नाही. मांडवगणच्या धुरपदाबाईचं काय केलंत ते ऐका.

तुमचं खातं शिरूर-दौंडच्या गावांत फिरलं तेव्हा लोक हसले होते. म्हणे गल्लीनं एकमतानं हात वर केले, की अमावास्येला ती अख्खी गल्ली उठून पुण्यात जाणार, घरं, गोठे, तुळशीसकट. तिच्या जागी शहरातली एक येणार. मग दौंडच्या बाजूला एका पहाटे डोशाच्या गाडीसकट गल्ली उतरली आणि हसणं थांबलं. एकदा हललेली गल्ली पुन्हा हलत नाही, हा नियमही तुमचाच.

धुरपदाबाई रानात शेवंती लावायची. लेक पाळण्यात असतानाच नवरा गेला. ती लेक, शितल, शिकली, हडपसरला नोकरीला लागली आणि तिथंच खोली घेऊन राहिली. दिवाळीला आली तेव्हा दोघींचं वाजलं.

"आये, चल माझ्याकडं. एकटी काय करतीस इथं?"

"मी न्हाई शेवंती सोडायची. तूच ये की."

"मी न्हाई शहर सोडायची. तिथं मी माझ्या मनानं जगती."

"मग जग की! मला कशाला इचारतीस?"

तेव्हापासून बोलणं बंद. संक्रांत आली, गेली. तिळगूळ डब्यातच राहिला.

शेवटी धुरपदाबाईनंच माघार घेतली. शेवंतीचं रान पुतण्याला वाट्यानं दिलं. रान काही गल्लीबरोबर जात नाही, हे तिला ठाऊक होतं. वाफ्याच्या कडेला बसून एकदा रडून घेतलं, तोंड धुतलं आणि ती गल्लीतली दारं वाजवत निघाली.

"वैनी, तुमच्या लेकीपायी आम्ही कशाला गाव सोडायचं?" मारुतराव म्हणाले.

"आप्पा, तुमच्या गुडघ्याला दवाखाना दारात यील."

"आन् पारावर बसायचं कुणासंगं?"

"तिथं बी असत्यालच की चार रिकामटेकडे म्हातारे."

आप्पा खो-खो हसले. हात वर झाला. शेजारच्या साळूबाईनं तर दोन्ही वर केले.

तुमच्या कचेरीतल्या माणसानं विचारलं, "गल्ली बसवायची कुठं?"

"हडपसर. पाण्याच्या टाकीमागं, निळ्या फाटकाची गल्ली. माझी लेक ऱ्हाती तिथं." धुरपदाबाईला पत्ता तोंडपाठ होता. "बरोबर त्याच जागी बसवा. फूटभर बी हिकडं-तिकडं नगं."

"त्याच जागी?"

"व्हय. त्याच."

त्यानं मान डोलावली आणि शिक्का मारला.

"शितलला कळवलं का गं?" बाहेर पडल्यावर साळूबाईनं विचारलं.

"न्हाई. सकाळी दारात जाऊन उभी ऱ्हाती. मग बघू कशी बोलत न्हाई."

अमावास्या गेली. सकाळी धुरपदाबाईनं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थबकली. साळूबाईच्या शेळ्या स्कूटरवाल्यांची वाट अडवून उभ्या होत्या आणि लोक चिडायचं सोडून त्यांचे फोटो काढत होते. कोपऱ्यावर एक बाई बस चालवत होती. खरीखुरी, एवढी मोठी बस! पोह्यांचा वास, इस्त्रीचा वास, कुठंतरी तबला वाजत होता, कुठंतरी भांडण चाललं होतं, आणि कुणालाच कुणाचं काही पडलं नव्हतं.

पाण्याची टाकी लगेच सापडली. निळं फाटक सापडेना. टाकीला वळसा घातला, परत आपलीच गल्ली. उलटा वळसा घातला, तरी समोर आपलीच तुळस. एकाला विचारलं, त्यानं उजवीकडं बोट केलं, दुसरीनं डावीकडं. दोन्ही बोटं धुरपदाबाईच्याच दारात येऊन टेकली. तिचं डोकं गरगरलं.

ती चहाच्या टपरीवर टेकली. उभ्या जन्मात ती टपरीवर एकटी बसली नव्हती. गावात बसली असती तर दुपारपर्यंत चार वाड्यांत बातमी गेली असती. इथं चहावाल्यानं एवढंच विचारलं, "अम्मा, चीनी कम?"

शेजारी चार पोरी हेल्मेट मांडीवर घेऊन हसत होत्या. त्यातल्या एकीनं सरकून जागा दिली. कुणाची कोण, कुठं निघालीस, नवरा काय करतो, काही नाही. धुरपदाबाईनं फुर्रकन चहा ओढला. मनानं जगणं म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं. पोरगी खरं बोलत होती. भेटली की पहिलं हेच सांगायचं.

"बाबा, निळं फाटक कुठशी आलं?"

चहावाल्यानं हातातली किटली तशीच धरली. "कल तक तो इधरही था, अम्मा." आणि त्यानंही तिच्याच दाराकडं बोट केलं.

तेवढ्यात फोन वाजला. दिवाळीनंतर पहिल्यांदा शितल.

"आये, कुठं हायस तू?" पोरगी हुंदके देत होती. "नोकरी सोडली, अख्ख्या गल्लीला हात वर करायला लावले. खात्याच्या माणसाला सांगितलं, बरोबर माझ्या आयेच्या गल्लीच्या जागी बसवा. मी शेवंतीपाशी उभी हाय, आन् तुझं घरच न्हाई गं!"

साहेब, दोन्ही शिक्के तुमच्याच खात्याचे. दुसरा मारताना पहिला आठवला नाही? उत्तर द्या.