काकूंना बोलू द्या

"आजोबा परत विसरले बघ," मागच्या रांगेतला माणूस बायकोच्या कानाशी लागला आणि दोघं खुदकन हसली.

मुलीनं मान वळवली नाही. रंगमंचावरचे आजोबा तिचे वडील होते आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेली बाई तिची आई.

वाचनालयाच्या सभागृहात दर रविवारी दुपारी चारला हौशी मंडळाचं नाटक होत होतं. चार प्रयोग ठरलेले, हा दुसरा. घर विकावं की नाही यावरून दोन अंक भांडणारं एक म्हातारं जोडपं, एवढीच गोष्ट. तीस वर्षं ही दोघं मंडळाच्या प्रत्येक नाटकात एकत्र होती.

"आता तू म्हणशील, मी चालले बहिणीकडे," वडील आईपुढे वाकून म्हणाले. "म्हण की! चालले बहिणीकडे म्हणून!"

आई त्यांच्याकडे बघून हसली. "मी चालले बहिणीकडे," ती म्हणाली. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या.

वडिलांचं हे वाक्य नाटकात नव्हतंच. मुलीला दोघांच्या भूमिका तोंडपाठ होत्या. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेला हा माणूस. एक काना इकडचा तिकडे झाला तर त्यांना जेवण जायचं नाही. आणि आता ते भलतंच बोलत होते.

मध्यंतरात चहाच्या रांगेत तिच्या पुढे दोन बायका होत्या.

"काकूंची कमाल आहे हं. नवरा एवढा घोळ घालतोय, पण कपाळावर आठी नाही."

"घरी काय सोसत असतील, त्यांचं त्यांनाच माहीत."

मुलगी चहा न घेताच जागेवर येऊन बसली.

प्रयोगानंतर ती दोघांना घरी सोडायला गेली. रस्ता ओलांडताना वडिलांनी आईचा हात घट्ट धरला. "हल्ली माझा तोल जातो गं," ते म्हणाले. घरात ओट्याच्या वर, कपाटाच्या दारावर, आरशाच्या कडेला कागद चिकटवलेले होते. गॅस बंद कर. चावी खिळ्याला आहे. मधे मधे नाटकातली वाक्यं. अक्षर वडिलांचं.

"हे काय बाबा?"

"माझंच. राहत नाही लक्षात. वय झालं."

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊन आलो," वडील म्हणाले आणि आईसाठी पाणी आणायला आत गेले.

तिसऱ्या प्रयोगाला हद्द झाली. दुसऱ्या अंकात आईचं मोठं भाषण होतं. घरातल्या एकेका खोलीचा ती निरोप घेते, ते. आई उभी राहिली, तिनं श्वास घेतला, आणि वडिलांनी मधेच तोंड घातलं. "तुला माजघर आठवतंय ना? तिथं आपली पोर रांगली..." करत सगळं भाषण त्यांनीच म्हणून टाकलं. आई नुसती मान डोलावत राहिली.

"ओ आजोबा, काकूंना बोलू द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

अख्ख्या सभागृहानं त्याला टाळ्यांची साथ दिली. वडील थांबले. त्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी हात जोडले आणि भाषण शेवटपर्यंत पूर्ण केलं.

मुलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती तशीच दिग्दर्शकाला गाठायला आत गेली. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि डोकं चटकन तापायचं, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत.

"काका, बाबांना थांबवा. लोक हसतात त्यांना. मला नाही बघवत."

"मी तुझ्या तोंडून ऐकायचीच वाट बघत होतो," फ्यूज म्हणाला. "शेवटचा प्रयोग मी करतो. पाठ आहे मला सगळं."

वडिलांना सांगायचं काम तिनंच केलं. आई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एकच प्रयोग राहिलाय," वडील म्हणाले. "लोक हसेनात का मला. एवढा एक होऊ दे."

"नको बाबा."

"मग हिलाही नको. दोघांच्या जागी दुसरे घ्या."

"आईनं काय केलंय? लोक तिच्यासाठी येतात!"

"मी करणार," आई घडी मोडत म्हणाली. "मला आवडतं."

वडिलांनी ती मोडलेली घडी आईच्या हातातून घेऊन पुन्हा घातली. काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण आईसमोर ते बोलले नाहीत. "मला विंगेत उभं राहू दे मग," एवढंच म्हणाले. फ्यूजनं त्यालाही नकार दिला. तिथूनही ते मधे बोलतील, अशी त्याला धास्ती होती.

चौथ्या रविवारी सभागृह गच्च भरलं. मुलीनं वडिलांना पहिल्या रांगेत स्वतःशेजारी बसवलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

पडदा उघडला. आई खुर्चीत बसली होती. फ्यूज रुबाबात आत आला आणि आपलं वाक्य खणखणीत बोलला.

आई त्याच्याकडे बघत राहिली.

लोक हसले. काकू काहीतरी झकास बोलणार, म्हणून सगळे सरसावून बसले. फ्यूजनं वाक्य पुन्हा म्हटलं. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, मग तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला. आईनं आवाजाकडे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर.

वडील ताडकन उभे राहिले. "तू आता म्हणशील..."

"बसा हो आजोबा!" चारी बाजूंनी लोक ओरडले. मुलीनं वडिलांचा हात धरून त्यांना खाली खेचलं.

आई खुर्चीतून उठली. दिव्यांच्या उजेडात डोळ्यांवर हात धरत ती पुढे आली, समोरच्या अंधारात कुणाला तरी शोधत राहिली, आणि मग वळून फ्यूजला अगदी हळू, अनोळखी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "अहो, आमचे हे कुठे दिसले का तुम्हाला? मला काय बोलायचं, ते तेच सांगतात."