रबरी चप्पल

मूल गावातल्या त्या भाड्याच्या खोलीत ओल चढली की भिंतीत करंट उतरायचा. दिव्यानीने घरमालक गुणवंतरावांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी फुकटातला उपाय सांगितला, "बाई, घरात रबरी चप्पल घालत जा ना." तेव्हापासून तिची चप्पल झोपतानाच काय ती पायातून उतरायची. स्वयंपाक चपलेत, देवपूजाही चपलेतच.

आज वायरिंग तपासून दाखला देणारे साहेब आले. गुणवंतरावांनीच बोलावलेले, त्यामुळे मीटरकडे एक नजर टाकली आणि झाली तपासणी. दिव्यानी म्हणाली, "साहेब, एकदा भिंत तर पाहा. करंट मारून राह्यली."

"वहम हाये बाईचा," गुणवंतराव हसले. "माह्या घरात कायचा करंट?"

साहेबांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं होतं. "आणि हे काय, देवाच्या कोनाड्यापुढे चप्पल? लाज वाटत नाही का?" आता हिला वळण लावायलाच हवं, अशा थाटात ते कोनाड्यात डोकं टेकायला निघाले आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकले.

गुणवंतरावांनी धावत येऊन त्यांचा दंड धरला. "साहेब, बूट काढू नोका. अन् भिंतीले हात तर लावूच नोका."



साहेबांनी नाडी पुन्हा आवळली, दारातूनच देवाला हात जोडले आणि घर सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही केली.