शिंपल्यांचा चुना

घरच्या नव्या विहिरीत, तारकर्लीच्या समुद्रापासून मैलभर आत, शिंपले निघाले तेव्हा सुगंधा पुण्याच्या प्रयोगशाळेतून धावत आली होती. हजारो वर्षांपूर्वी पृथ्वी तापली असताना समुद्र कुठवर चढला होता, हे ते शिंपले सांगणार होते. त्यावरून पुढच्या हवामानाचं गणित मांडायचं होतं. तिने शिंपल्यांनी भरून ठेवलेली गोणी आज रिकामी होती. "चुनभट्टीत घातले," बाबा म्हणाले. "तुका बघूक पावणे येतत, घराक चुनो नको? बघ, कसो झळकता!" विहिरीला आता पाणी लागलं होतं, शिंपल्यांचा थर बुडाला होता. पाहुण्यांसमोर ती पांढऱ्याशुभ्र भिंतीला पाठ टेकून बसली. पाठीमागे तिची बोटं भिंत चाचपत राहिली आणि न भाजलेला शिंपल्याचा एक कपचा नखाखाली सुटला. तिने तो मुठीत धरला. तेवढ्यात मुलाची आई पुढे झुकली. "हात दाखव बघू, बाय." सुगंधाने मूठ घट्ट आवळली.