एकशे सत्ताविसावी पेटी

कपाटात पेट्या एकशे सत्तावीस होत्या आणि पत्ते एकशे सव्वीस. प्रत्येक पेटीत गेलेल्या एकेका माणसाचं अख्खं मन साठवलेलं होतं. पेटी चालू झाली की नेटवर्कच्या जाळ्यातला मोकळा पत्ता उचलायची, आणि पत्ता असेल तरच तिचं बोलणं बाहेर ऐकू यायचं. देखभाल करणाऱ्या केतकीने पंखा बदलायला विश्राम तावड्यांची पेटी थोडा वेळ बंद केली. तेवढ्यात कुणीतरी नवी पेटी जोडली आणि तिने त्यांचा पत्ता घेतला; तावड्यांची पेटी पुन्हा चालू झाली तेव्हा एकही पत्ता उरला नव्हता.

"म्हणजे हे पुन्हा गेले?" तावडेकाकूंनी विचारलं.

"नाही काकू. काका आत शाबूत आहेत, फक्त पत्ता नाही."

"जन्मभर मला बोलू दिलं नाही, आता ह्यांचीच बोलती बंद!" काकू हसल्या. मग हसू विरलं. "दुसऱ्या कुणाला तरी काढ ना."

"कुणाला काढू? सगळ्यांकडेच कुणी ना कुणी येतं."

काकू बाकीच्या पेट्यांवरची नावं वाचत राहिल्या. कुणाच्याही नावावर बोट ठेववेना.

"निदान झोपलेत ना गं?"

झोपलेली पेटी दोन वॅट वीज घेते, बोलणारी अकरा. केतकीने काकांच्या पेटीला मीटर लावला.

अकरा वॅट.